रडणारं मेपल

दिवंगत अमॉस कोलबर्नच्या लाडक्या मेपलच्या झाडाला रक्ताचे अश्रू फुटले आणि व्हरमाँटमधलं आमचं अख्खं गाव त्याच्या रानात लोटलं. बुंध्यातून लाल रस टपटपत होता. बायका त्यात हातरुमाल भिजवत होत्या आणि मधोमध, झाडाला टेकवलेल्या शिडीपुढे, पांढऱ्या सुटात ब्रदर लुशियन हात पसरून उभा होता.

हा इसम महिन्यापूर्वी शहरातून आला. मेलेल्यांशी बोलतो म्हणे! जिवंत माणसांचे प्रश्न मात्र त्याला कधी ऐकू येत नसत.

"लव्हिनाताई," तो आवाज घोगरा करून म्हणाला, "तुमचा अमॉस रडतोय. म्हणतोय, माझ्या झाडांना भोकं पाडू नका. रान प्रार्थनामंडळाला द्या, तरच मला शांती मिळेल."

प्रार्थनामंडळ म्हणजे तो स्वतः. आणि रान म्हणजे त्या विधवेचं पोट. मेपलच्या बुंध्यांना भोकं पाडून, बादल्यांत गोळा केलेला गोड रस आटवून केलेला पाक विकूनच ती अनाथ नातीला वाढवत होती. तिनं त्याच्या दानपत्रावर सही करायला पेन उचललंसुद्धा.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. माझं डोकंच फिरलं. "अहो, हा रंग आहे, रक्त नव्हे!"

"सर, तुम्ही चर्चची पायरी चढत नाही, तुम्ही गप्प बसा," पोस्टातल्या विनिफ्रेडबाई खेकसल्या.

तेवढ्यात नात पुढे घुसली. डीलिया, वय वर्षं नऊ. दर शनिवारी सकाळी टीव्हीवर रॅकून नावाच्या गुप्तहेर प्राण्याचं कार्टून बघते. मी त्या कार्टूनला कायम नावं ठेवत आलो.

"आजी, थांब ना! रॅकून आधी विचारतो, या चित्रात न जुळणारी गोष्ट कुठली?"

तिनं शेजारच्या झाडाला टांगलेली बादली उलटी केली. थेंब नाही. दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या कोरड्या.

"तीन रात्री गोठवणारी थंडीच पडली नाही. थंडी नाही तर रस नाही, आजी, तूच शिकवलंस ना? मग एकट्या आजोबांच्या झाडाला रस आला कुठून?"

पिढ्यान्‌पिढ्या रस काढणारं हे गाव, इथलं शेंबडं पोरही हे जाणतं. शहरी भामट्याला ते ठाऊक नव्हतं आणि आम्ही ते भक्तीत विसरलो होतो. मलाही सुचलं नाही, याची लाज वाटते.

"आत्म्याला हवामान लागत नाही!" लुशियन गरजला.

"मग तुम्ही शिडीपुढून बाजूला का होत नाही?" डीलियानं विचारलं.

मीच त्याला ढकलून वर चढलो. सुतारपक्ष्याच्या ढोलीत प्लॅस्टिकचा कॅन होता आणि त्यातून एक बारीक नळी सालीखालून खाली आली होती. विनिफ्रेडबाईंनी रुमाल हुंगला.

"अगंबाई, हे तर बीट!"

लुशियन गाडीकडे पळाला. पण थंडी गेल्यामुळे बर्फ वितळून रस्त्याचा चिखल झालेला, चाकं जागीच फिरत राहिली. गर्दीतच असलेल्या शेरीफनं त्याला तिथंच धरला.

लव्हिनानं कागद फाडला. "चाळीस वर्षांच्या संसारात एकदा रडला नाही माझा अमॉस. मेल्यावर बरा रडेल!" आणि नातीला पोटाशी धरून ती स्वतःच रडू लागली.

लोकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी शेजारच्या बादलीत डोकावून बघा. नऊ वर्षांच्या पोरीला जमलं, आपल्याला जमायला काय हरकत आहे?