इथे आई कापड फिरवते

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो, आणि मला स्वस्थ बसवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण गोष्ट सांगताना मी मध्येच पुढे पळेन, मध्येच अडेन, आणि तुम्ही म्हणाल, हिचं डोकं फिरलंय. डोकं नाही हो, चाक फिरायची सवय आहे. माझा जन्मच मुळी पळण्यासाठी झाला.

कारखान्यात बीड ओतून मला घडवलं, काळा रंग चढवला, मानेवर सोनेरी वेलबुट्टी काढली. तपासनीसाने मला पहिल्यांदा पळवून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि 'जरा तापट आहे, पण चालेल' म्हणून पास केलं. त्यानंतर दुकानाच्या काचेमागे आठ महिने उभी होते. येणारे-जाणारे वेलबुट्टी बघायचे, किंमत विचारायचे आणि पुढे जायचे. शोभेला ठेवलेल्या वस्तूचं दुःख काय असतं ते मला तेव्हाच कळलं.

मग एक बाई आली. तिचा नवरा ट्रक चालवायचा आणि चार महिन्यांपूर्वी रस्त्यावरच गेला होता. कानातलं मोडून तिने मला घेतलं. कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. दुकानदार पावती करत होता तेवढ्यात ती पोरगी कडेवरून सटकली आणि तिने माझं चाक गरागरा फिरवलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी हलले. तिथेच आमचं जमलं.

त्यांच्या दोनच खोल्या. आतल्या खोलीत चूल-भांडी, बाहेरच्या खोलीत मी, एक पलंग आणि कापडांचे ढीग. आई दवाखान्यांसाठी उशांचे अभ्रे शिवायची. अभ्रे, पडदे, पुन्हा अभ्रे. दिवसाला सहज चार डझन. लोक म्हणायचे, बाईंचा हात काय सरळ आहे! माझं नाव कोणी काढलं नाही. शिवण सरळ आली तर हात चांगला, वाकडी गेली तर मशीन खराब, हा जगाचा न्याय. पण मी रुसले नाही. रुसायला उभं राहावं लागतं, आणि आम्हाला उभं राहायला वेळ होता कुठे?

मुलगीही आमच्यातलीच. एका जागी म्हणून बसायची नाही. जेवताना हलायची, अभ्यास करताना हलायची, झोपेत लाथा मारायची. आई तिला भिंगरी म्हणायची, मग शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. शाळेत एक नाचाच्या बाई होत्या. त्या दर रविवारी पैसे न घेता शिकवायच्या. भिंगरी अठराची झाली तेव्हा त्यांनीच मोठ्या शहरातल्या नृत्य-नाट्य कॉलेजचा फॉर्म आणून दिला. परीक्षकांसमोर दोन मिनिटं स्वतः बसवलेला नाच करायचा. चाळीस जागा, आणि अर्ज म्हणे नऊशे.

घोडं अडलं ते सरावापाशी. घरात गाणं लावलं की खालच्या मजल्यावरचा रात्रपाळीवाला काठीने छत ठोकायचा. बिचारा दिवसाच झोपायचा. माझ्या खडखडाटाबद्दल मात्र तो सोळा वर्षांत चकार शब्द बोलला नव्हता, कारण तो पोटापाण्याचा आवाज होता. तेव्हा भिंगरीने काय करावं? कापडाचे ढीग पलंगावर रचले, मोकळ्या झालेल्या चार फरश्यांवर उभी राहिली आणि आईला म्हणाली, तू शिव, मी नाचते.

पुढचे सहा महिने ती माझ्या तालावर नाचली. मी सांगते ना, मी अशी पळाले नव्हते कधी! आई मान वर न करता शिवायची, आणि पोरगी टाक्यांच्या अंतराने पावलं टाकायची. आता अभ्रा कसा शिवतात ते तुम्हाला ठाऊक नसेल. एक लांब बाजू शिवायची, कोपरा आला की थांबायचं, सुई कापडात तशीच ठेवून कापड फिरवायचं, मग आखूड बाजू, पुन्हा कोपरा, पुन्हा लांब बाजू. कोपऱ्यावर मी दोन श्वास गप्प असते. भिंगरीही तेवढी गप्प उभी राहायची, हात जिथे असतील तिथे. चार अभ्रे झाले की तिची दोन मिनिटं भरायची. आम्हा तिघींना त्यात काही वावगं वाटलं नाही. नाच असाच असतो असं आम्ही धरून चाललो.

परीक्षेच्या दिवशी मायलेकी पहाटेच्या बसने गेल्या. मला फडकं घालून ठेवलं होतं. तो दिवस कसा काढला, माझं मला माहीत. रस्त्यावर गाडीचा दरवाजा वाजला तरी वाटायचं, आल्या.

दुसऱ्या दिवशी आल्या. भिंगरीने बूट भिरकावले आणि पलंगावर पालथी पडली. आईने मला उघडलं, काम पुढ्यात घेतलं आणि मग हळूहळू, उशीत तोंड खुपसून, पोरीने सगळं सांगितलं. कॉलेजचा एक ड्रमवाला ताल धरायला बसला होता. हिने सुरुवात झकास केली. मग पहिला कोपरा आला आणि ही थांबली. ड्रमवाला थांबला नाही. तो कशाला थांबेल? ही दोन श्वासांनी निघाली तेव्हा ताल पुढे गेला होता. धावून गाठला, तोवर दुसरा कोपरा. बाजूला बसलेली मुलं हसली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा मधोमध बसलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी हात वर केला आणि विचारलं, मध्येच का थांबतेस? विसरतेस का?

भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, "नाही. इथे आई कापड फिरवते."

हसू आणखी वाढलं. पांढऱ्या केसांच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी ड्रमवाल्याला गप्प बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, पुन्हा कर, तालाशिवाय, जिथे थांबायचं तिथे थांब. हिने केलं. संपल्यावर पुढचा नंबर पुकारला. एवढंच.

आई म्हणाली, माझंच चुकलं, मी सरळ पडदे शिवायला हवे होते. त्या दिवशी मला माझ्या गप्प बसण्याचाच राग आला. सोळा वर्षांत मी कोपऱ्यावर एकदाही चुकून टाका टाकला नव्हता, आणि आता वाटत होतं, टाकायला हवा होता.

बावीस दिवसांनी पत्र आलं. जागा मिळाली होती. भिंगरी जिन्यावरून वर-खाली पळाली, खालच्या रात्रपाळीवाल्यालाही तिने उठवून पत्र वाचून दाखवलं, आणि तो डोळे चोळत चक्क हसला.

पत्राचं दुसरं पान आईने रात्रीच्या जेवणानंतर वाचलं. अर्धी फी माफ होती. उरलेली फी आणि वसतिगृहाची अनामत तीन आठवड्यांत भरायची, नाहीतर जागा पुढच्या नंबराला. सोंगं सगळी आणता येतात मित्रांनो, पैशाचं सोंग आणता येत नाही.

धावपळ सुरू झाली. मामाने आधी हो म्हटलं, मग त्याचा फोन लागेना. बँकेने जामीनदार मागितला. एका ट्रस्टने मुलाखतीला बोलावलं. लांब टेबलामागे बसलेल्या पाच जणांपैकी एकाने विचारलं, नाचून पोट भरतं का? भिंगरी म्हणाली, दुसऱ्यांच्या उशा शिवून भरतं, तर नाचूनही भरेल. बाहेर कारकुनाने सांगितलं की तिच्या नावापुढे 'उद्धट' असा शेरा पडलाय. आई तिच्यावर रागावली, आणि मग मला पुसता पुसता एकटीच हसली.

बारा दिवस उरले तेव्हा भिंगरी घरी नसताना एक माणूस आला. जुन्या वस्तू घेऊन शहरात विकायचा त्याचा धंदा. त्याने माझी सोनेरी वेलबुट्टी नखाने खरवडून पाहिली, खाली वाकून जाळीदार पाय पाहिले. धावते कशी, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. तेव्हाच मी काय ते समजले. त्याने मोठी रक्कम सांगितली, पण आईने आणखी वाढवून घेतली आणि वर एक अट घातली. पैसे आज द्यायचे, मशीन मात्र मुलगी गेल्यावर न्यायची. तो म्हणाला, असा व्यवहार मी करत नाही. आई म्हणाली, मग राहू द्या. त्याने केला.

भिंगरीला तिने सांगितलं की दवाखान्याने मोठ्या ऑर्डरची आगाऊ रक्कम दिलीय. पोरीने आईच्या गळ्यात हात टाकले. म्हणाली, मग तुला दिवसरात्र मशीन मारावी लागेल गं.

"मारीन की," आई म्हणाली, "मला दुसरं काय काम आहे?"

उरलेल्या दिवसांत आईने तिच्यासाठी सरावाच्या दोन विजारी शिवल्या, बुटांची पिशवी शिवली, उशीचा अभ्रा शिवला. मी जीव तोडून पळाले. भिंगरी निघाली त्या सकाळी तिने माझ्या मानेवर थोपटलं आणि म्हणाली, आईकडे लक्ष ठेव. मला ओरडावंसं वाटलं. पण मला एकच आवाज येतो आणि तोही कोणी पाय चालवला तरच.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. त्याआधी आईने हातातला पडदा पुरा केला, दोरा कापला, रीळ काढून घेतलं. मग माझ्यासमोर बसूनच राहिली. शेवटी म्हणाली, "मी कारखान्यात जाणार आहे. तिथे मशीन त्यांची, पाय माझे." मला तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? आणि रागापेक्षा जास्त, मला तिला सोडून जाववत नव्हतं.

मोठ्या शहरात माझी रवानगी एका कॉफीच्या दुकानात झाली. माझ्यासारख्या आणखी चौघी होत्या तिथे. आमच्या सुया काढल्या, फळीवर काचा बसवल्या आणि आम्हाला टेबलं केलं. गिऱ्हाईकं बसल्या बसल्या पायडल हलवायची, कप सांडायचे, म्हणून मालकाने पायडलं तारेने बांधून टाकली. वर्ष गेलं, आणखी अर्धं गेलं. लोक फोटो काढायचे, 'किती सुंदर' म्हणायचे. काचेवर केकचे तुकडे पडायचे. आणि मी, जिने दिवसाला चार डझन अभ्रे ओढले, ती बसल्या जागी गंजत होते. पाय झोपेत पळतो तसं व्हायचं मला. आतून सगळं सुटू बघायचं आणि तार आवळून धरायची.

गोष्टीच्या शेवटी चार शब्द शहाणपणाचे सांगायची आमच्यात रीत आहे. मी ते आत्ताच उरकते, कारण पुढचं सांगितल्यावर मला बोलवणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला पुसून कोपऱ्यात मांडून ठेवू नका. ती ज्यासाठी घडवली, ते काम तिच्याकडून करून घ्या. आणि घरातलं कोणी तुमच्यासाठी 'मला काय काम आहे' असं म्हणालं, तर लगेच विश्वास ठेवू नका. झालं. आता ऐका.

कॉलेज दोन चौक पलीकडे होतं. मला ते माहीत नव्हतं. एका दुपारी तालमीतून सुटलेली पाच-सहा मुलंमुली आली, आणि त्यांतली एक धपकन माझ्यापाशी बसली. बोलता बोलता तिचा पाय आपोआप खाली गेला आणि पायडलवर टेकला. तो पाय मी ओळखला. तिने अजून मला ओळखलं नव्हतं. पायडल हलेना म्हणून तिने वाकून पाहिलं, तार दिसली, मग नजर वर चाकाकडे गेली. चाकावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. सुई कधी वर येते ते कळावं म्हणून आईने लावलेला. दुकानात पाच मशिनी होत्या, ठिपका माझ्या एकटीच्याच चाकावर होता.

तिचं बोलणं थांबलं. मित्रमैत्रिणींनी काय झालं विचारलं. तिने फोन काढून आईला लावला, आवाज मोठा करून काचेवर ठेवला. आधी जेवणाखाणाचं झालं. मग तिने विचारलं, मशीन कशी आहे आई?

"कशी असणार? पळतेय," फोनमधून आवाज आला. "आत्ताच पडद्याची दुमड मारून उठले बघ."

भिंगरीने ओठ घट्ट मिटले. ती खाली फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी तार सोडवू लागली. मालक गल्ल्यावरून ओरडला, तिने ऐकलं नाही. बोटाला तार लागली, रक्त आलं. तार सुटली. मग खुर्चीवर बसून तिने पायडलवर पाय ठेवला आणि दाबला. मी अडले, करकरले, लाज वाटेल इतकी करकरले. तिने पुन्हा दाबला. आणि मी पळाले. कप काचेवर थडथडले, सगळं दुकान वळून बघू लागलं.

फोनमध्ये काहीच आवाज नव्हता. भिंगरीला वाटलं, लाइन कट झाली.

"आई?"

"ऐकतेय." मग आईने नाक ओढलं आणि म्हणाली, "करकरतेय गं खूप. त्यांना म्हणावं, तेल घाला तिला."