ईशान्येचा कोपरा

नव्या जांभेवाडीत चाळीस घरे होती. त्यांतली अकरा कुलूपबंद होती, एकोणतीस घरांत माणसे राहत होती. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी धक्का बसला. कुलूपबंद घरांपैकी एकालाही तडा गेला नाही. राहत्या घरांपैकी सव्वीस पडली आणि सव्वीसही घरांचा एकच कोपरा आधी गेला, ईशान्येचा. चार माणसे मेली. चौघीही बायका होत्या.

समीक्षा तिथे पोचली ती नवव्या दिवशी. सांगलीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात ती बांधकामशास्त्र शिकवत असे. चार वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपात डोंगरउतारावरची जुनी जांभेवाडी बसली, तेव्हा खालच्या सपाटीवरच्या नव्या गावाचा आराखडा तिनेच केला होता. रस्त्यांची रुंदी, मोकळ्या जागा, पाण्याची टाकी आणि चाळीस सारखी घरे, सगळे तिच्या कागदावरून उतरलेले होते. आपल्याच कामाची चौकशी आपणच करणे योग्य नाही, असे तिने वरती लेखी कळवले. दुसरे कोणी मोकळे नाही, असे उत्तर आले.

गावकऱ्यांच्या मते चौकशीचे काही उरलेच नव्हते. पडलेल्या प्रत्येक कोपऱ्यातली उभी सळई जोत्यापासून साडेतीन फुटांवर संपत होती. म्हणजे मिस्त्रीने तुकडे घातले आणि बाकीचे लोखंड विकून खाल्ले. तशी फिर्याद निवृत्त सुभेदार नाथाजी यांनी दिली होती. मेलेल्या चौघींत त्यांची बायको रंगूबाई होती. मिस्त्री आकाराम पाटणच्या कोठडीत होता आणि समीक्षाच्या अहवालात एक होकारार्थी वाक्य आले असते, तर तो सदोष मनुष्यवधाच्या खटल्यात कित्येक वर्षे आत गेला असता.

ती आधी त्यालाच भेटली. विट्याकडचा माणूस, साठीला टेकलेला. त्याने गजांच्या आडून हात जोडले.

"बाई, सळई पुरी घातलीया. जोत्यातनं वर, पार छतापतोर. एकसंध."

"माझ्यासमोर पाच घरांची घातलीस. बाकीच्या पस्तीसांचं काय?"

"त्येंचीबी घातली. आता तुमी न्हवता त्याला मी काय करू? साक्षीला काय सळईला बोलवू?"

समीक्षाने ते लिहून घेतले, पण त्याला पुरावा मानले नाही. निरपराध माणूस जे बोलेल तेच अपराधीही बोलतो.

जांभेवाडीत दोन दिवस ती कुलूपबंद घरांभोवती फिरत राहिली. काँक्रीटच्या पोटातले लोखंड दाखवणारे यंत्र तिने अकराही घरांच्या चारही कोपऱ्यांवरून फिरवले. चव्वेचाळीस कोपरे झाले. सगळ्यांत सळई होती. जोत्यापासून छतापर्यंत, अखंड.

नाथाजी पत्र्याच्या शेडसमोर खुर्ची टाकून बसले होते. तिला पाहून उठले नाहीत.

"काय म्हणतंय मशीन?"

"बंद घरांत सळई पूर्ण आहे, सुभेदार."

"मग? त्या घरात मोठं लोक हायत. कुणी फौजेत, कुणी पुण्यात. त्येंच्या घरात चोरी करायची छाती झाली नसंल. आमी हितं मरायला मोकळं."

"घरं बांधून झाल्यावर चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कोणतं घर कुणाला जाणार हे बांधताना कुणालाच ठाऊक नव्हतं. आकारामलाही नाही."

नाथाजींनी तिच्याकडे नुसते पाहिले. "बाई, माझी मंडळी गेली. तुमी चिठ्ठ्यांचं सांगताय."

 शेडपासून दूर गेल्यावरही चिठ्ठ्यांचा मुद्दा तिच्या मनातून जाईना. ज्या कारणाने घरे पाडली, ते राहती घरे निवडून घेत होते, म्हणून ते वाटप झाल्यानंतरचेच असायला हवे. माणसांच्या राहण्याने भिंतीच्या एका कोपऱ्याचे काय होते? चुलीचा धूर सगळीकडे जातो. मोरीचे पाणी नैऋत्येला. तिने वही मिटली. राहत्या घरांपैकी न पडलेली तीन घरे अजून उरली होती.

ती तिन्ही घरे ओळीच्या टोकाला होती आणि तिन्ही वरच्या वाडीवरून खाली आलेल्या धनगरांची. पहिल्या घरात हरणाबाई भाकरी थापत होती.

"आवं बाई, दोन दीस झालं, नुस्त्या भिती चाचपताय. जरा टेका की. भिती काय पळून जात्यात व्हय?"

"बाकीच्या गेल्या की, मावशी."

"त्ये बी खरंच." हरणाबाईने तवा उतरवला.

समीक्षाने ईशान्येच्या कोपऱ्यावर यंत्र फिरवले. सळई अखंड होती. कोपऱ्यात वाकळांची चळत रचलेली होती. बाजूच्या खुंटीला घोंगडीत गुंडाळलेली एक वेताची टोपली टांगलेली होती आणि तिच्यावर हळदीचा भंडारा सांडला होता.

"हे काय आहे?"

"द्याव हायत आमचं."

"टोपलीत?"

"मग? जनावरांमागं हिंडायची जात आमची. भितीत बशीवला, तर निघताना त्याला मागं ठेवून जायाचं का? आमचा द्याव आमच्याबरूबर हिंडतोया." हरणाबाई हसली. "खालच्यांचं येगळं. त्येंचं द्याव भितीत बसत्यात. घर ताब्यात आलं तवा पयला म्हैनाभर गावात नुस्ती ठोकाठोक. माजी शेरडं बुजायची."

"कुठल्या भिंतीत, मावशी?"

"द्येवाची दिशा एकच की, बाई." तिने हनुवटीने वाकळांचा कोपरा दाखवला.

समीक्षा उभी होती तिथेच थांबली. चार वर्षांपूर्वीची ग्रामसभा तिला शब्दान् शब्द आठवली. नकाशा फळ्यावर लावलेला, बायका मागे बसलेल्या. त्यांतली एक उंच, जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई उठली आणि म्हणाली, "समदं झ्याक हाय. पर द्याव कुठं ठेवायचं?" भिंतीत कोनाडा ठेवायचा तर कोपऱ्याची पुन्हा आकडेमोड करावी लागली असती, नकाशे परत मंजुरीला गेले असते आणि पाऊस तोंडावर होता. समीक्षाने उत्तर दिले होते, "भिंतीला फळी मारा." त्यावर ती बाई म्हणाली होती, "फळीवर? द्याव म्हंजी काय लोणच्याची बरणी हाय व्हय?" सभा खो खो हसली होती. समीक्षाही. इतिवृत्तात मग एक ओळ आली: देवघराची सोय लाभार्थ्यांनी आपापल्या स्तरावर करावी. खाली तिची सही.

ती बाई रंगूबाई होती. घरांचा ताबा दिल्यानंतर समीक्षा या गावात एकदाही आली नव्हती.

राडारोडा यंत्राने ओढून गावाबाहेर टाकला होता. तिथे दुपारभर उकरल्यावर तिला एका कोपऱ्याच्या सळईचे दोन्ही भाग सापडले, खालचा जोत्याच्या काँक्रीटमध्ये रुतलेला आणि वरचा छताच्या तुकड्याला लटकलेला. दोन्ही कापलेली टोके सपाट होती आणि त्यांवर लोखंड कापायच्या करवतीच्या दात्यांच्या बारीक समांतर रेघा होत्या. उंची मोजली, तर दोन टोकांच्या मधला दीड फूट नाहीसा झाला होता. लोखंड चोरणारा मिस्त्री बुडखा आणि शेंडा ठेवून मधला तुकडा नेत नाही.

तिने दोन्ही भागांची टोके कापून घेतली आणि नाथाजींसमोर बाजेवर ठेवली. शेडच्या कोपऱ्यात, विटेवर, कुलदैवतांचे चांदीचे टाक मांडलेले होते. त्यांतला एक चेपलेला होता.

नाथाजींची उमेद इंजिनिअर रेजिमेंटमध्ये गेली होती. त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि पुन्हा फिरवला.

"हॅकसॉ हाय," ते म्हणाले.

"हो."

 त्यांनी सळई बाजेवर अगदी हळू ठेवली.

"माझाच हाय. समद्यात आधी मीच काढला कोनाडा. सळई आडवी आली. म्हणलं, चार कोपऱ्यांत चार हायत, एकीचा दीड फूट गेला तर काय हुतंय. मग समदी आली. सुभेदारानं काढलाय म्हंजी चालतंय. हॅकसॉ म्हैनाभर गावात फिरत हुता. पाती झिजली, तर पाटणास्नं मीच नवी आणून दिली." त्यांनी चेपलेल्या टाकाकडे पाहिले. "मंडळीनं कोनाड्याची लय पाठ धरली न्हवती बरं का. फळीवर ठेवते म्हणली हुती. मीच म्हणलं, माझ्या घरात द्याव फळीवर न्हाई बसायचा."

"फिर्याद दिलीत तेव्हा हे ठाऊक होतं?"

"ठाऊक आसतं तर दिली आसती?" मग खालच्या आवाजात ते म्हणाले, "तुकडं बघितलं तवा हॅकसॉ आठवला हुता. मी त्याकडं बघितलं न्हाई."

बाहेर कुणीतरी बादली आपटली.

"रिपोटात लिवणार?"

"लिहावं लागेल. आकाराम आत आहे."

"मग लिवा, मी मारली तिला."

"तसं लिहिणार नाही. सळई कोणी कापली, कधी आणि कशासाठी, एवढंच लिहीन. आणि तिनं सभेत काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं, तेही."

नाथाजींनी मान डोलावली. त्यांनी जबाब स्वतःच्या अक्षरात लिहून दिला, ओळी सरळ, तारीख वरती उजवीकडे. तो घेऊन समीक्षा पाटणला गेली. अहवाल तिने तहसील कार्यालयातल्या रिकाम्या टेबलावर बसून पूर्ण केला. निष्कर्षाचा परिच्छेद असा होता:

"मिस्त्रीने सर्व घरांत सळई आराखड्याप्रमाणे घातली होती. ताबा मिळाल्यावर सव्वीस घरांतील रहिवाशांनी ईशान्य कोपऱ्यात देवांसाठी कोनाडा काढला आणि साडेतीन ते पाच फूट उंचीमधील सळई कापून काढली. या घरांत देव भिंतीतच बसवण्याची रीत आहे. आराखड्यात देवांना जागा नव्हती. ती जाहीर सभेत मागितली गेली होती आणि आराखडा करणारीने, म्हणजे मी, ती दिली नाही. कापलेला कोपरा धक्क्यात प्रथम निखळला. सकाळी सहाच्या सुमारास देवापुढे दिवा लावण्याची वेळ असते. चौघीही त्या वेळी त्या कोपऱ्यापाशी उभ्या होत्या."