संध्याकाळचा पेला

या, असे जवळ सरका. मागे बसलात तर मसाल्याचा वास पोचायचा नाही, आणि या कथेत निम्मं काम वासच करतो. देवाचं नाव घेऊन एका पेल्याची कथा सांगतो. पेला मायेचाच होता. पण घरात संशय शिरला की तोच पेला कसा दिसू लागतो, ते ऐका.

एक घड्याळजी होते. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. हवा पालटून पानगळ सुरू झाली की त्यांना खोकला धरायचा आणि झोप उडायची. घरात दोघी बायका. एक त्यांची थोरली बहीण. भावाच्या आईवेगळ्या मुलाला तिनंच वाढवलं, म्हणून सगळे तिला आत्याबाईच म्हणायचे. दुसरी त्या मुलाची नवी बायको. मुलगा कामासाठी परगावी, सुट्टीला यायचा.

सूनबाईनं उपचार हाती घेतला. सुंठ, दालचिनी, लवंग, मिरे ठेचून दुधात उकळायची आणि संध्याकाळी कढत पेला सासऱ्यांपुढे ठेवायची. खोकला पळाला. पण दुसरंच काहीतरी आलं. घड्याळजी सकाळी उठेनात. तोंडाला कोरड, छातीत धडधड, डोकं जड. चिमट्यातले बारीक स्क्रू निसटून लादीवर पडायचे आणि ते नुसते बघत बसायचे. गिऱ्हाइकांची घड्याळं टेबलावर मुकी पडून राहिली.

शेजारची शिलाईवाली हळूच म्हणाली, "आत्याबाई, ती पेल्यात काय घालते, बघता का कधी?"

झालं! त्या दिवसापासून आत्याबाईंच्या डोळ्यांना दुसरं काही दिसेना. दूध उकळताना सून दाराकडे पाठ करते. विचारलं तर, "काही नाही, नेहमीचंच." मसाल्याचा डबा उघडून आत काहीतरी उलटंपालटं करून बघते आणि आपली चाहूल लागली की झाकण लावते. वर पेला देण्याआधी त्याचा वास घेते! आपलंच दूध कुणी हुंगतं का?

आणि आत्याबाई? सून सासऱ्यांना हाक मारायला पुढे गेली की त्या किसणीवर जायफळ ओढायच्या, पेल्यात टाकून ढवळायच्या. भावाला झोप लागावी म्हणून. आजकालच्या मुलींचा हात आखडता, असं त्यांचं मत. सुनेला वाईट वाटू नये म्हणून बोलायच्या नाहीत, इतकंच. ते त्यांच्या ध्यानातही नसायचं. स्वतःच्या हातावर कोण हो संशय घेतं?

एके दिवशी घड्याळजींच्या हातून एक जुनं घड्याळ पडलं आणि काच फुटली.

"भाऊ, तिच्या हातचं पिऊ नकोस."

"ताई, सून सुगरण आहे असं तूच सांगत होतीस ना गल्लीभर?"

"तेव्हा सांगत होते."

आत्याबाईंनी भाच्याला फोन लावला. "रविवारी ये. हिला माहेरी पोचवायचं आहे. कायमचं." बाहेर कपडे वाळत घालणाऱ्या सूनबाईनं ते ऐकलं. हातातला सदरा तिनं पुन्हा पिळला. तो आधीच पिळून झाला होता.

संध्याकाळी आत्याबाई पडद्याआड उभ्या राहिल्या. सुनेनं डब्यातून काहीतरी उचललं, पाठ वळवली आणि सहाणेवर उगाळायला लागली.

"थांब! मूठ उघड!"

पोरगी दचकली. मूठ उघडली. आत जायफळ.

"एवढंच? मग चोरून कशाला गं?"

"तुम्ही म्हणाला असता, कालची आलेली मला शिकवते. बाबांना झोप लागावी म्हणून घालत होते. ते थकलेले दिसले तसं थोडं वाढवलं." मग तिनं ते जायफळ तळहातावर उलटं केलं. "आत्याबाई, ही गुळगुळीत बाजू माझी. सहाणेवर अशीच झिजते. ही खरबरीत बाजू कुणाची?"

आत्याबाईंची नजर खिळ्याला टांगलेल्या किसणीकडे गेली. तिच्या भोकांत तपकिरी पूड अजून अडकलेली.

"तो थकलेला दिसला म्हणून मीही..." त्यांनी किसणी खिळ्यावरून उतरवली. "म्हणजे रोज डब्यात तू हेच बघत होतीस?"

"हो."

"मग तुला काय वाटलं?"

"तुम्हाला माझ्याबद्दल वाटलं तेच."

आवाज ऐकून घड्याळजी दारात आले होते. "म्हणजे मी आजारी नव्हतोच," ते म्हणाले, "दोघींच्या मायेखाली चेंगरलो होतो!" कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जायफळ चिमटीपुरतं औषध, त्यापुढे त्रास. पेला बंद झाला तसे घड्याळजींचे हात पुन्हा हलके झाले.

रविवारी मुलगा बायकोची बॅग घ्यायला आला, तर आत्याबाई दारातच म्हणाल्या, "जेवायला बस. कुणी कुठं जात नाही."

ते जायफळ आता घड्याळजींच्या खणात असतं, बारीक स्क्रूंच्या शेजारी. सूनबाई दूध उकळते ती दाराकडे तोंड करून. आत्याबाई अजूनही पातेल्यात डोकावतात. सवय ती, एका दिवसात थोडीच जाते!

तर मायबाप, पानगळीत घरी मसाल्याचं दूध उकळाल, तेव्हा देवापाठोपाठ त्या सूनबाईची आठवण काढा. आपल्याला घरातून घालवायला निघालेल्या बाईपुढे तिनं मूठ उघडली, आणि जायफळाची दुसरी बाजू दाखवताना आवाज चढवला नाही.