म्हसोबापाशी नऊ सेकंद

ड्रायव्हर नसलेला ट्रॅक्टर शेतात नेमका चालवायचा, हे माझं तीन वर्षांचं संशोधन. चारठाण्याच्या लिंबाजीमामांच्या रानात त्याची चाचणी होती. बघायला आलेल्या समितीला पटलं तर प्रकल्प आणखी दोन वर्षं चालणार होता. नाहीतर ट्रॅक्टर शेडमध्ये आणि मी जिंतूरला, वडिलांच्या दुकानात कापड फाडायला.

पद्धत साधी होती. आधी माणसानं सगळं रान एकदा चालवून दाखवायचं. यंत्रानं त्याची वाट, वळणं, वेग टिपून घ्यायचा आणि मग उपग्रहावरून आपली जागा ओळखत तंतोतंत तसंच चालायचं. मामांना मी बजावलं होतं, "रोज चालवता तसंच चालवा. माझ्यासाठी काही वेगळं करू नका."

समोर कुणी आडवं आलं तर गाडी थांबवणारा कॅमेराही होता. पण धुरळा उडाला की तो दर दहा पावलांवर थांबवायचा. आज फक्त सरळ रेघ दाखवायची म्हणून सकाळी मी तो बंद केला होता. समितीला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे मीच राहू दिलं.

सोयाबीन निघालेल्या रानात ट्रॅक्टर माती मोकळी करायला पाळी घालत निघाला. रिकाम्या सीटकडे बघून बांधावरची माणसं खुसखुसत होती. मातीत तासांच्या रेघा अशा सरळ पडत होत्या की माझी छाती फुगली. पुढच्या रेघेला, बांधालगतच्या शेंदरी म्हसोबापाशी, तो आपोआप थांबला. नऊ सेकंद थांबून पुन्हा चालू लागला.

"वा!" समितीचे प्रमुख राजशेखर सर म्हणाले. "दगड ओळखला, अंदाज घेतला, मग पुढं गेला. कमाल आहे, अनुपमा!"

मला काही कळेना. मी मामांना बाजूला घेतलं. ते ओशाळून म्हणाले, "ताई, तितं मी थांबतोच. देवाला हात जोडल्याबिगर म्होरं कसं जावं? तुमीच म्हनला न्हवं, रोजच्यावानी चालवा म्हनून."

तीन वर्षं खपून मी ट्रॅक्टरला नमस्कार करायला शिकवलं होतं! हसू यायला हवं होतं. पण सरांनी पाठ थोपटली होती आणि ते मला फार गोड लागलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी गप्प बसले.

"आता माणूस उभा करून बघू," सर म्हणाले. "कोण राहतं?"

मामांची बायको, सुमनमामी, चहाची किटली घेऊन आली होती. "मी ऱ्हाते की," म्हणत तिनं किटली खाली ठेवली, पदर खोचला आणि ट्रॅक्टरच्या वाटेत जाऊन उभी राहिली. फोटो काढणार म्हणून हसतसुद्धा होती.

ट्रॅक्टर वळून तिच्याच रोखानं येऊ लागला. मी हातातलं, गाडी जागीच बंद करणारं लाल बटण दाबलं. ट्रॅक्टर तिच्यापासून वीसेक पावलांवर गचका खाऊन बंद पडला.

"कॅमेरा बंद आहे, सर. त्याला मामी दिसणार नव्हती," मी म्हणाले. मग म्हसोबाचंही सांगितलं.

सर रागावले नाहीत. वहीत बराच वेळ लिहीत राहिले. "रेघ चांगली आहे," ते शेवटी म्हणाले. "पण प्रकल्प आता थांबवावा लागेल." समितीची जीपगाडी निघून गेली.

"माझ्या हात जोडन्यानं घात केला, ताई," मामा म्हणाले.

"तुमचं काही चुकलं नाही, मामा. चूक माझी."

मामीनं चहा ओतून कप हातात दिला. मी बांधावरच बसले. "मामी, तू काही न विचारता उभी कशी राहिलीस गं?"

"त्यात काय इचारायचं?" ती म्हणाली. "गाडी तू केलेली हाय न्हवं, माय."