खुर्चीवरच्या फळीची बढती

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नाक मुरडू नका, सलूनमधली फळी आहे. खुर्चीच्या दोन हातांवर मला आडवी टाकतात आणि माझ्यावर तुमच्यासारख्यांना बसवतात. त्यामुळे तुमचं डोकं आरशात दिसतं आणि आमच्या मालकांची कंबर वाचते.

एका सुताराने मोडक्या दारातून मला कापलं. पुढे मला घासून गुळगुळीत केलं ते मात्र पोरांच्या चड्ड्यांनी. मालकांचा एक नियम होता. ज्याचे पाय खुर्चीखालच्या लोखंडी पट्टीला टेकले, त्याची फळी सुटली. त्याला ते 'बढती' म्हणायचे. त्यांची स्वतःची मुलगी तर दर महिन्याला पाय ताणून बघायची.

मग श्वासातून पसरणारी ती साथ आली. सलून बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. मालकांनी मला घरी नेलं आणि दोन स्टुलांवर टाकून कांदे मांडले. पण शिंप्यानेही कांदे मांडले होते आणि रिक्षावाल्यानेही. विकणारे दहा आणि घेणारे दोन, अशी गत. आम्ही आमचेच कांदे खात होतो.

कोपऱ्यावरच्या बंगल्यातले काका रोज निरोप धाडायचे, गुपचूप केस काप म्हणून. एकदा ते स्वतःच आले आणि म्हणाले, "डोकं माझं, मर्जी माझी. यात सरकारचं काय जातं?"

मालक म्हणाले, "डोकं तुमचं आहे काका, पण हवा सगळ्यांची आहे. घरात माझे दमेकरी वडील आहेत."

मला मालकांचा फार अभिमान वाटला. पण आठ दिवसांनी आजोबांचा, म्हणजे मालकांच्या वडिलांचा, दम्याचा पंप संपत आला आणि नवा घ्यायला पैसे नव्हते. मालकांनी आपलेच शब्द गिळले. मागच्या अंगणात काकांना माझ्यावर बसवलं आणि कात्री चालवली. पैसे घेताना त्यांनी काकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

मालकांची चूक एकच, त्यांना वाईट केस कापताच येत नाहीत. गल्लीभर झुडपं वाढलेली आणि एकट्या काकांची मान आखून काढलेली! हवालदार दोन दिवसांनी दारात आले. तेही मालकांचंच गिऱ्हाईक. लांबूनच म्हणाले, "हा हात मी ओळखतो. काकांना काल रात्रीपासून ताप आहे. वडिलांजवळ जाऊ नकोस."

मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्यांच्या श्वासासाठी हे केलं, त्यांच्याच श्वासावर बेतलं होतं. मालकांनी मला काखेत मारलं आणि दुकानाच्या शटरमागे स्वतःला कोंडून घेतलं. मुलगी डबा ठेवायची, शटर वाजवायची आणि रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहायची. मालक माझ्यावर ताट ठेवून जेवायचे. जरा ठसका लागला तरी हातातला घास तसाच राहायचा. मलाही धडकी भरायची.

चौदा दिवस सरले. मालक धड होते, आजोबाही धड होते. मालक घराच्या उंबऱ्याबाहेर मान खाली घालून उभे राहिले. आजोबा म्हणाले, "पंपावाचून मी कसंही निभावलं असतं रे. तुझ्यावाचून नसतं निभावलं."

काकाही बरे झाले. काही महिन्यांनी सलून उघडलं तेव्हा ते बाकावर मुकाट्याने आपल्या नंबरची वाट बघत बसले.

त्या दिवशी पहिला मान मुलीचा. मालकांनी सवयीने मला खुर्चीवर टाकलं आणि तिला उचलून बसवलं, तर तिचं डोकं आरशाच्या वर गेलं! तिने वाकून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, फळी काढा." ती खुर्चीत बसली आणि तिचे पाय पट्टीला टेकले. मालकांनी मला उराशी धरलं. एवढ्या महिन्यांत काळजीपायी त्यांनी तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं.

मित्रांनो, दुकानाला कुलूप लागतं, पोरांच्या उंचीला नाही. म्हणून 'माझी मर्जी' म्हणण्याआधी शेजारच्याचा श्वास आठवा. आणि तुमची बढती झाली, तरी जाताना माझ्यावर एकदा फडकं मारून जा. पुढचं पोर दारात उभंच आहे.