परतीचं विमान सव्वाचारला

मेहुण्याचं डोकं दुसऱ्यांदा कपाटावर आपटलं तेव्हा कपाटाची काच फुटली आणि आतले चार कप खाली आले. भावाने तरीही त्याची मान सोडली नाही. डाव्या हातात मान, उजवा हात तोंडावर. मेहुण्याच्या ओठातलं रक्त भावाच्या घड्याळावर उडालं. त्याने घड्याळ शर्टाला पुसलं, आणि पुसता पुसता वेळही बघून घेतली. सव्वाबारा. परतीचं विमान सव्वाचारला होतं. अजून बराच वेळ हाताशी होता.

"पुन्हा हात लावशील तिला?"

"नाही लावणार. आईशप्पथ नाही लावणार."

"गेल्या खेपेलाही आईशप्पथच होती. किती आया आहेत रे तुला?" असं म्हणून भावाने आणखी एक ठेवून दिली. मग सोडलं. मेहुणा नाक धरून न्हाणीघरात गेला आणि त्याने आतून कडी लावून घेतली.

हा भाऊ मुळात मारामारीतला माणूस नव्हे. क्रेनचे पोलादी दोर तपासणं हे त्याचं काम. दोरावरून फडकं फिरवायचं. जिथे सूत अडकेल तिथे तार तुटलेली. ठरावीक तारांहून जास्त तुटल्या असतील तर दोर बाद. मग कारखान्याचा मॅनेजर कितीही आदळआपट करो, क्रेन त्याच दिवशी बंद. या कामापायी दर आठवड्याला विमान. इतकं उडून उडून विमान कंपनीकडे त्याच्या नावावर फुकट तिकिटाला चालणारे ढीगभर मैल साठले होते, आणि कामाच्या प्रवासाचे मैल ज्याचे त्याला, असा त्याच्या ऑफिसचा नियम होता. बाकीचे साहेब त्या मैलांवर बायकापोरांना समुद्र दाखवून आणत. याच्या बायकोनेही समुद्राकाठचं एक हॉटेल हेरून ठेवलं होतं. तिला त्याने सांगितलं, मुदत संपली, मैल बुडाले. चक्क थाप होती.

मैल बहिणीकडे जात होते. वर्षभरापूर्वी ती फोनवर बोबडं बोलायला लागली. पुढचे दोन दात पडले होते. पायऱ्यांवरून घसरले, म्हणाली. तिचं घर तळमजल्यावर, पायरी नावालाही नाही. त्याच रविवारी हा मैलांवर उडाला, मेहुण्याचं नाक फोडलं आणि रात्रीच्या जेवणाला घरी हजर. दुसऱ्या खेपेला त्याने मेहुण्याचं बोट मोडलं. परतताना त्याची मूठ सुजलेली असायची आणि विमानात झोप मात्र गाढ लागायची.

ऑफिसातली तिकिटं काढणारी बाई चेष्टा करायची. "लोक फिरायला डोंगरावर जातात. तुम्ही सारखे त्याच गावाला काय जाता? कोण आहे तिथे?"

"बहीण."

"सख्खी?"

"सख्खी."

"नशीबवान आहे हो."

हे ऐकून त्याला फार बरं वाटायचं.

ही तिसरी खेप. बहीण खाली बसून काचा वेचत होती. एकाच हाताने.

"डाव्या हाताला काय झालं?" भावाने विचारलं.

"खांद्याच्या वर जात नाही."

"कधीपासून?"

"मागच्या वेळी तू गेलास ना, त्या संध्याकाळपासून."

बहीण काचा कागदावर गोळा करत राहिली.

"त्याला ठाऊक असतं, तू किती वाजता उडतोस ते. तुझं विमान सुटेपर्यंत गुपचूप खुर्चीत बसून होता. मग उठला, दार लावलं. तू बोट मोडलंस, त्याने हात मोडला."

"आणि नाक फोडलं होतं तेव्हा?"

"ते राहू दे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू पुन्हा आला असतास." तिने कागदाची पुरचुंडी बांधली. "दादा, तुझ्याकडे परतीचं तिकीट असतं. तू मारतोस आणि जातोस. मी इथेच असते."

एरवी अशा वेळी त्याचं डोकं सणकायचं. आज त्याला लाज वाटली, मेल्याहून मेल्यासारखी. झिजलेला दोर काढून घ्यायचा असतो, क्रेनला लाथा घालत बसायचं नसतं, हे जगाला सांगत फिरणारा माणूस तो. स्वतःच्या बहिणीच्या बाबतीत वर्षभर लाथाच घालत बसला होता.

"चल," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता. माझ्याकडे."

"आणि वहिनी?"

"तिला मी सांगतो. सगळं सांगतो."

बहिणीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "चप्पल घालते," म्हणाली.

एका पिशवीत दोन कपडे आणि शाळेचे दाखले कोंबेपर्यंत न्हाणीघराची कडी वाजली. मेहुणा बाहेर आला तो नळाचा लोखंडी पाना हातात घेऊनच. पहिला तडाखा भावाच्या पाठीत बसला, दुसरा कानावर. कान फाटला, रक्त कॉलरपर्यंत आलं. भाऊ वळला. त्याची मूठ आपोआप वर गेली होती, आणि समोरचं ते सुजलेलं तोंड अगदी नेमावर होतं.

"दादा, नको," बहीण म्हणाली. "विमान चुकेल."

त्याने मूठ खाली घेतली. बहिणीला पुढे घातलं, स्वतःची पाठ मेहुण्याकडे केली आणि दाराकडे निघाला. तिसरा तडाखा खांद्यावर बसला तेव्हा तो गुडघ्यावर आला, उठला, पुन्हा चालू लागला. बाहेर शेजारी जमले होते. त्यांना बघून मेहुणा दारातच थांबला. त्याचं शौर्य उंबरठ्याच्या आतलं.

"जाऊन जाऊन जाशील कुठे?" तो आतूनच ओरडला. "चार दिवसांत येशील तोंड घेऊन."

विमानतळावर खिडकीतल्या मुलीने भावाच्या कानावरच्या रुमालाकडे पाहिलं, मग संगणकाकडे. मैल जेमतेम एका माणसाच्या एकेरी तिकिटापुरते उरले होते.

"यांचं परतीचं पैसे भरून काढावं लागेल. काढू?"

"नको," बहिणीने सांगितलं. भावाने काही सांगायच्या आधीच.

विमानात तिला खिडकीजवळची जागा मिळाली. ती बसली. पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला भावाने हात उचलला. बोटांचे सांधे फुटलेले, नखांत मेहुण्याचं रक्त वाळलेलं.

बहिणीने झटकन मान खाली घातली, डोळे मिटले आणि उजवं कोपर डोक्यावर घेतलं. डावा हातही उचलायला गेली, तो अर्ध्यातच अडला. खिडकीला चिकटून ती फटक्याची वाट बघत राहिली.

"मी आहे," असं तो म्हणणार होता. म्हणाला नाही. दुपारी मारताना तिने त्यालाच तर पाहिलं होतं. त्याने पिशवी हळूहळू खाली आणली आणि मांडीवर घेऊन बसला.

"सर, सामान वर ठेवावं लागेल," हवाईसुंदरी म्हणाली.

"तुम्ही ठेवता का?"

तिने पिशवी वर ठेवली. भावाने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. विमान हललं, वळलं, धावपट्टीवर जाऊन उभं राहिलं. बऱ्याच वेळाने बहिणीने कोपर खाली घेतलं. तो तसाच हातांवर बसून राहिला.