मोहाच्या दिवसांतली हजेरी

जमुना उईके केंद्रप्रमुख झाली तेव्हा कोसमटोल्याने फटाके फोडले होते. सालेकशाच्या जंगलातला चाळीस घरांचा टोला तो. तिथली पोरगी बारा शाळांवर साहेबीण होते ही काय साधी गोष्ट आहे? आणि त्याच जमुनाने मार्च महिन्यात, सकाळी साडेसात वाजता, त्याच टोल्याच्या शाळेत उभं राहून लिहिलं: पटावर बावीस, हजर सात. खोटं नाही लिहिलं बरं का. सातच होते. इथेच तर सगळी गोम आहे.

मोहाचे दिवस ज्याला ठाऊक नाहीत त्याला आधी सांगायला हवं. मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडल्याबरोबर वेचली नाहीत तर गुरं खातात, आणि घराची वर्षाची बेगमी जाते. म्हणून त्या दिवसांत घरातलं झाडून सगळं माणूस झाडाखाली असतं, लेकरांसकट. शाळा भरते सातला, लेकरं येतात नऊला, हातांना तो गोड वास घेऊन. मग शाळेचे बिसेन गुरुजी हजेरी घेत आणि शाळा तासभर उशिरा सोडत. कुठल्या नियमात बसत नाही हे, पण टोल्यात वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं, आणि जमुना त्यातच शिकली होती.

शिकली ती कशी, तेही ऐका. शेजारची शामकला तिच्याच वर्गात. चौथीला स्कॉलरशिपची परीक्षा आली तसं तेव्हाच्या गुरुजींनी जमुनाला सातलाच बोलवायला सुरुवात केली. बाप म्हणाला, खुशाल जा, पण टोपली भरली पाहिजे. टोपली शामकलेने भरली. एक आपली, एक जमुनाची, मोह सरेपर्यंत रोज. जमुना पास झाली, वसतिगृहात गेली, डी.एड. झाली, गोंदियाला फ्लॅट घेतला. तिचा हिमांशू इंग्रजी शाळेत जातो. शामकला चौथीनंतर घरीच राहिली आणि पुढे त्याच शाळेत लेकरांची खिचडी शिजवू लागली. तिची आचल तिसरीत होती.

त्या मार्चात वरून पत्र आलं, कमी पटाच्या शाळांत जाऊन प्रत्यक्ष लेकरं मोजा, वीसपेक्षा कमी भरली तर शाळा बंद करायची आहे, दुपारपर्यंत माहिती पाठवा. दुपारपर्यंत, लक्षात ठेवा. पण मोजणीआधीच्या मीटिंगमध्ये एक साहेब सगळ्यांदेखत बोलून गेले होते, की उईके मॅडमच्या गावचा पट काही कमी व्हायचा नाही, सगळे भाचे-भाच्याच असतील. लोक हसले होते. जमुनाही हसली होती, आणि ते हसणं तिच्या मनाला आठवडाभर टोचत होतं.

बिसेन गुरुजींनी हात जोडले. नऊपर्यंत थांबा मॅडम, म्हणाले, तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तिने घड्याळात पाहिलं आणि पुढच्या शाळेत जायचंय म्हणून सांगितलं. पुढची शाळा काही पळून जाणार नव्हती. पण तिने आकडा लिहिला, गुरुजींची सही घेतली, फोटो काढला आणि स्कुटीला किक मारली. टोल्याबाहेर पोरं टोपल्या घेऊन पळत येताना दिसली. आचलने हात केला. जमुना थांबली नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही.

जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं. पोरांची नावं पाच किलोमीटरवरच्या शाळेत गेली. मध्ये नाला आणि जंगल. ऑटो लावून देऊ म्हणाले होते, तो कधी यायचा, कधी नाही. जुलैत शाळाबाह्य मुलांची यादी निघाली, त्यात कोसमटोल्याची चार नावं होती आणि पहिलंच नाव आचलचं. जमुनाला चौकशीला दुसऱ्या कोणाला पाठवता आलं असतं. पण चार महिने तिला स्वतःचीच लाज वाटत होती, अन्न गोड लागत नव्हतं. ती स्वतः गेली.

शामकला नुकतीच धानाच्या रोवणीवरून आली होती, गुडघ्यापर्यंत चिखल. जमुनाला पाहून तिचा चेहरा फुलला. "ये व जमने, बस," म्हणत तिने ओसरीवर रिकाम्या पोत्याची बोरी अंथरली, आणि दोघी टेकल्या. आचलला का पाठवत नाहीस म्हटल्यावर म्हणाली, नाला भरून वाहतो, बाकीच्या पोरींना घरच्यांनी काढलं, एकटीला जंगलातून कशी धाडू? पुढच्या साली पाहू. पुढचं साल म्हणजे काय ते जमुनाला पक्कं ठाऊक होतं.

तिने खाली मान घालून विचारलं, माझा राग आला असेल ना?

"तुह्यावर कायले राग?" शामकला म्हणाली. "पोरं नव्हती, तू काय लिवशीन? गलती माही हाये. गुरुजीनं आदल्या दिवशीच सांगतलं होतं, मोजाले येऊन राहिले म्हणून. लोक म्हणत होते, एक दिवस मोवा राहू दे, पोरं सातलेच नेऊन बसवू. मीच घरोघरी जाऊन सांगतलं, घाई नका करू, आपली जमुना येऊन राहिली. तिले मोव्याचं माहीत हाये, थांबन ते." मग म्हणाली, "आता सारा टोला मलेच बोलून राहिला."

जमुना गप्प बसली असती तरी चालून गेलं असतं. तिच्यावर कोणाचाच संशय नव्हता. पण जमुनाच्या वाटची बोलणी ही बाई जूनपासून खात होती, तेही तिच्यावरच्याच भरवशापायी.

"शामकले, मले माहीत होतं. गुरुजीनंही थांबा म्हटलं होतं. मी मुद्दाम नाही थांबली."

"काऊन?"

गावाची बाजू घेतली म्हणून ऑफिसात लोक हसले असते, जमुनाने सांगितलं. बोलून झाल्यावर तिला कळलं की कारण एवढंसंच होतं.

शामकला उठली. तिने पायाचा चिखल धुतला, पदराला हात पुसले आणि घरात हाक मारली.

"आचल, मॅडमले खुर्ची दे. खाली बसल्या हायेत."